भीमेच्या खोऱ्यातले कासव



टाकाऊ प्लॅस्टिकमधून सागरी जीवांची शिल्पे घडवण्याचा विचार पाबळसारख्या पर्जन्यछायेतल्या गावी मांडला जावा, यात विसंगती मुळीच नाही. कारण या शिवारातले पावसाचे पाणी भीमेला मिळते आणि उजनी, पंढरपूर ओलांडून कृष्णेबरोबर आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरात जाते. कोकण किनारा जवळ असला, तरी इथल्या ओढ्यातला कचरा त्या किनाऱ्यावरच्या वेळास गावी येणाऱ्या कासवांकडे जात नाही. तो पोहोचलाच तर पूर्व किनाऱ्यावरच्या कासवांपर्यंत पोहोचेल. ही वाट ठाऊक नसलेल्या हातांनी घडवलेले कासव केवळ शोभेचे राहते.

अमेरिकेत ओरेगन किनाऱ्यावरील बॅन्डन येथे अँजेला हेझेल्टाइन पॉझी यांनी २०१० मध्ये 'वॉश्ड अशोअर' हा उपक्रम सुरू केला, त्यातली शिल्पे समुद्राने किनाऱ्यावर परत टाकलेल्या प्लॅस्टिकची आहेत. पाबळची सामग्री मात्र समुद्राकडे निघण्यापूर्वीची असेल: ठिबकच्या फुटक्या नळ्या, मल्चिंग पेपर म्हणजे ओल टिकवण्यासाठी वाफ्यावर अंथरलेला पातळ प्लॅस्टिकचा पडदा, खताच्या गोणी आणि कांद्याची लाल जाळीदार पोती. समुद्रात हरवलेली किंवा सोडून दिलेली जाळी मालकाविना जलचरांना अडकवत राहतात, त्यांना भूतजाळी म्हणतात. ती दाखवण्यासाठी कांद्याच्या पोत्याहून अधिक बोलके साधन या भागात नाही.

मल्चिंग पेपरची फाटकी पट्टी पाण्याच्या बादलीत सोडावी; ती कडांनी आत-बाहेर लहरते, आणि जेलीफिश खाणारे कासव का फसते हे व्याख्यानाविना उमगते. शिवाय समुद्रात प्लॅस्टिकवर जीवाणू व शैवालाचा थर चढला की त्याला अन्नासारखा वास येतो आणि कासव त्याकडे वळते, असे समुद्री कासवांवरील प्रयोगांत दिसले आहे.

तीच बादली वर्गीकरणही शिकवते. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलके, म्हणून ठिबकची नळी आणि बाटलीचे झाकण तरंगते. बाटली ज्याची असते ते पेट प्लॅस्टिक आणि पाइपांचे पीव्हीसी जड, म्हणून त्यांचे तुकडे तळ गाठतात. म्हणजे एकाच बाटलीचे झाकण दूरच्या प्रवासाला निघू शकते आणि तिचा फुटका तुकडा वाटेतल्या गाळात रुतून बसतो. शिल्पाच्या मांडणीत हा भेद दिसला पाहिजे. सगळ्यावर एकच निळा रंग फासला की हा भेद पुसला जातो.

डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम उभारला, हाताने काम करता करता शिकण्याची रीत तिथे रुजली आणि २००२ पासून फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने वस्तू कापणाऱ्या-घडवणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, तिथे आहे. अशा यंत्रांचा मोह कलावंताला होणारच, आणि तो होऊ द्यावा. मात्र पीव्हीसी लेसरखाली कधीही ठेवू नये, कारण त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू निघतो, जो फुप्फुसांना आणि यंत्रालाही जाळतो. करवतीने कापतानाचा भुसाही वाऱ्यावर सोडता येणार नाही. पाच मिलिमीटरहून लहान कणांना सूक्ष्म प्लॅस्टिक म्हणतात. कासव घडवताना सांडलेला भुसा पहिल्या पावसात ओढ्याला लागला, तर तो त्याच भीमेच्या वाटेने निघेल. म्हणून कामाच्या जागी आधी ताडपत्री अंथरावी, आणि तिच्यावर जमलेला भुसा शिल्पाच्या पोटातच बंद करावा.