खासदाराचा मस्टर

(चाकण येथील जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



बैठकीला येताना तळेगाव चौकात आमची गाडी नेहमीप्रमाणे अडकली. पुढे कंटेनर, शेजारी कंपनीची बस. बसमधली पोरं सारखी घड्याळ पाहत होती. तुमच्यापैकी निम्म्यांची पोरं भोसरीत, चाकणला, तळेगावला कंपनीत आहेत. पंचिंगला उशीर झाला की काय होते, ते तुम्हाला सांगायला नको. आमच्या गाडीतले एक म्हातारबाबा म्हणाले, "पोराच्या मिनिटामिनिटाचा हिशेब कंपनी ठेवते. आपण दिल्लीला पाठवलेल्या माणसाचा मस्टर कोण ठेवतो?"

प्रश्न साधा आहे. आज त्याचेच उत्तर शोधू.

आधी हजेरी पाहू. पहिली लोकसभा १९५२ ते १९५७ या काळात ६७७ दिवस बसली. सतरावी लोकसभा २०१९ ते २०२४ या पाच वर्षांत २७४ दिवस बसली. म्हणजे वर्षाला सरासरी ५५ दिवस. रोप लावल्यापासून काढणीपर्यंत आपला कांदा शेतात याच्या जवळजवळ दुप्पट दिवस असतो. अर्थसंकल्पाचेही तसेच. २०२३ साली सरकारच्या सगळ्या खात्यांच्या खर्चाच्या मागण्या लोकसभेने चर्चा न करता एकदम मंजूर केल्या. आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत असे झाले तर आपण चहाचा कप ठेवून उभे राहू.

पण नुसत्या हजेरीवर माणूस जोखू नका. दिवसभर बांधावर उभा राहणारा गडी खुरपतोच असे नाही. आणि खासदार दिल्लीत नसला म्हणजे रिकामाच बसला असेही नाही. खरा प्रश्न असा, की आपल्या पोटावर येणारा निर्णय झाला तेव्हा सभागृहाने काय केले?

एकच उदाहरण घेऊ, आणि ते कांद्याचेच घेऊ.

४ डिसेंबर २०२३ ला संसदेचे हिवाळी अधिवेशन सुरू झाले. पाचव्या दिवशी, ८ डिसेंबरला, कांद्याची निर्यात बंद झाली. बंदी कुणी आणली? संसदेने नाही. विदेश व्यापार महासंचालकांची एक अधिसूचना निघाली आणि काम झाले. सभागृह तर त्या दिवशी भरलेले होते! लोकसभेत त्या दिवशी महुआ मोईत्रा यांना सभागृहातून काढण्याचा ठराव चालला होता.

आमचे शिक्षण शेतीचे, म्हणून एक गोष्ट सांगतो. तुम्हाला ती माहीत आहे, दिल्लीला माहीत नसावी. डिसेंबरात येतो तो खरिपाचा लाल कांदा. त्यात पाणी जास्त, पत्ती पातळ. उन्हाळी कांदा चाळीत चार-पाच महिने थांबतो, हा थांबत नाही. काढला की विकावाच लागतो. अशा मालावर एका रात्रीत बंदी घालायची, म्हणजे शेतकऱ्याला भाव पडल्यावर वाट पाहायचीही सोय ठेवायची नाही. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, लोक रस्त्यावर आले.

तिकडे १३ डिसेंबरला दोन तरुणांनी प्रेक्षक गॅलरीतून लोकसभेत उडी मारली, धूर सोडला. गृहमंत्र्यांनी निवेदन करावे म्हणून विरोधक अडून बसले आणि एकामागून एक निलंबित झाले. दोन्ही सभागृहांचे मिळून १४६. त्यांत १९ डिसेंबरला आपल्या शिरूरचे डॉ. अमोल कोल्हे होते, बारामतीच्या सुप्रिया सुळे होत्या. चाकणचा कांदा ज्यांनी मांडायचा तेच बाहेर. त्यानंतरच्या दोन दिवसांत १८६० च्या दंडसंहितेसह तीन जुन्या फौजदारी कायद्यांच्या जागी नवे कायदे मंजूर झाले आणि २१ डिसेंबरला अधिवेशन संपले. चूक सरकारची की विरोधकांची, यावर पारावर भांडता येईल. शेतकऱ्याच्या दृष्टीने एवढेच खरे, की कांद्यावर मत पडले नाही.

पुढे २२ मार्च २०२४ ला बंदीची मुदत बेमुदत वाढली. तेव्हा संसद बसलेलीच नव्हती. बंदी उठली ४ मे २०२४ ला, तीही ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. तेव्हाही संसद नव्हती. शिरूर आणि मावळचे मतदान १३ मे रोजी होते. दोन तारखा शेजारी शेजारी ठेवतो. अर्थ तुम्ही लावा.

आता कुणी म्हणेल, कायद्यानेच अधिकार सरकारला दिलाय, खासदार बिचारा काय करणार? भावांनो, इथेच आपली फसगत होते. ज्या १९९२ च्या विदेश व्यापार कायद्याने हा अधिकार दिला, त्याच कायद्यात लिहिले आहे की असा आदेश दोन्ही सभागृहांपुढे ठेवावा लागतो. एका किंवा लागोपाठच्या अधिवेशनांत मिळून ३० दिवस तो तिथे राहतो, आणि दोन्ही सभागृहांनी ठरवले तर तो बदलता येतो, रद्दही करता येतो. म्हणजे दाराला कडी आहे. ती वाजवायची कुणी? ज्याला आपण पाठवले त्याने. नियमाप्रमाणे प्रस्तावाची नोटीस द्यायची आणि मतविभागणी मागायची. हरला तर हरला, पण कोण कुठे उभा होता ते कागदावर येईल.

कागदावर येण्याची किंमत मोठी आहे. २० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत शेतीविषयक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर झाली. विरोधकांनी मतविभागणी मागितली होती, ती मिळाली नाही. २९ नोव्हेंबर २०२१ ला तेच कायदे रद्द झाले, लोकसभेत चर्चेविना, काही मिनिटांत. ते कायदे चांगले की वाईट, यावर या मांडवातही दोन मते आहेत. तो आजचा विषय नाही. पण करतानाही हिशेब नाही आणि मोडतानाही नाही, ही कसली रीत?

उलट उदाहरण इथलेच घ्या. इथून हाकेच्या अंतरावरच्या आंबेठाणचे शरद जोशी २००४ ते २०१० राज्यसभेत होते. ९ मार्च २०१० ला महिला आरक्षण विधेयकावर मतदान झाले, बाजूने १८६ आणि विरोधात १. तो एक म्हणजे ते. त्यांचे मत पटो न पटो, आज इतक्या वर्षांनी आपण त्यांना जाब विचारू शकतो, कारण ते नोंदले गेले. आणि मधू लिमये आठवा. माणूस पुण्याचा, निवडून आला बिहारमधून. नियमांचे पुस्तक हातात घेऊन सरकारला घाम फोडायचा. १९७६ साली आणीबाणीत लोकसभेची मुदत वाढवली, तेव्हा जनतेने पाचच वर्षांसाठी पाठवले होते म्हणून राजीनामा दिला. मस्टर कसा ठेवायचा ते त्यांनी दाखवले.

आता दोष आपला. खासदार चांगला कोणता, असे गावात विचारा. जो दहाव्याला येतो तो. लग्नाला येतो, यात्रेला फेटा बांधून घाटात उभा राहतो तो. समाजमंदिराला निधी देतो तो. आपण मागतो तेच तो देतो. बैलगाडा शर्यतीसाठी आपण मागे लागलो, तर विधिमंडळाने २०१७ साली कायदा केला आणि मे २०२३ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात टिकला. कायदा करणाऱ्यांना वेळ मिळत नाही असे नाही, मागे लागणारा हवा. शर्यतीसाठी जेवढे मागे लागलो, तेवढे कांद्यासाठी लागलो का?

म्हणून आजच्या बैठकीपुढे तीन गोष्टी ठेवतो. चाकण, भोसरी शिरूरमध्ये येतात, पिंपरी, चिंचवड मावळमध्ये. दोन्हीकडच्या खासदारांना, पक्ष न पाहता, एकच पत्र जाऊ द्या.

एक, प्रत्येक अधिवेशनाआधी तालुक्याला बसून आमचे प्रश्न लिहून घ्या. दोन, अधिवेशन संपल्यावर त्याच जागी येऊन सांगा, काय विचारले, काय उत्तर आले, कशावर कुठे मत दिले. तीन, आमच्या मालावर बंदी आली की ३० दिवसांच्या आत प्रस्ताव द्या आणि मतविभागणी मागा.

पत्राची एक प्रत गावच्या चावडीवर लावा आणि उत्तराची जागा मोकळी ठेवा. पुढच्या वेळी खासदार दहाव्याला आले, तर त्यांना मानाने बसवा, पाणी द्या. आणि मग तो कागद दाखवा.