वजनकाट्यावरचे सौंदर्य



2 ऑगस्ट 2006 रोजी उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओ येथे एका फॅशन शोच्या वेळी लुईसेल रामोस ही 22 वर्षांची मॉडेल कोसळली आणि हृदय बंद पडून मरण पावली. त्याआधी काही दिवस ती धड जेवली नव्हती, असे घरच्यांनी सांगितले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्राझीलची 21 वर्षांची आना कारोलिना रेस्तोन साओ पावलो येथे गेली. सुमारे पाच फूट आठ इंच उंचीच्या त्या मुलीचे वजन अवघे 40 किलो होते. फेब्रुवारी 2007 मध्ये लुईसेलची 18 वर्षांची बहीण एलियाना हीसुद्धा हृदय बंद पडून गेली. तीही मॉडेलच होती.

या मृत्यूंमागे केवळ व्यक्तिगत हट्ट पाहणे अन्यायाचे ठरेल. वेषभूषाकार नमुन्याचे कपडे एकाच, अत्यंत लहान मापात शिवतात. जिच्या अंगावर ते बसतील, तिलाच काम मिळते. कपडा शरीरासाठी असतो, हा साधा नियम तेथे उलटा झाला आणि शरीर कपड्यासाठी झिजू लागले. उपासमार वाढली की शरीर स्वतःचेच स्नायू खाऊ लागते. त्यात हृदयाचा स्नायूही आला. मासिक पाळी थांबते, हाडे ठिसूळ होतात, रक्तातील पोटॅशियम घटून हृदयाची लय बिघडते. वैद्यकशास्त्र या विकाराला ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ म्हणते. हा मनाचा आजार आहे आणि तो जीव घेतो.

बाजार आपणहून सुधारत नाही, हा या प्रकरणाचा मुख्य धडा. सप्टेंबर 2006 मध्ये माद्रिदच्या फॅशन सप्ताहाने 18 पेक्षा कमी बीएमआय असलेल्या मॉडेलना प्रवेश नाकारला. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हा निर्देशांक मिळतो. पावणेदोन मीटर उंचीच्या स्त्रीसाठी 18 म्हणजे सुमारे 55 किलो. इस्रायलने 2012 मध्ये कायदाच केला आणि 18.5 ही मर्यादा घातली. फ्रान्समध्ये 2017 पासून वैद्यकीय प्रमाणपत्र बंधनकारक झाले. नियम मोडणाऱ्यास 75 हजार युरोपर्यंत दंड व सहा महिन्यांपर्यंत कारावास ठेवण्यात आला. संगणकावर बारीक केलेल्या जाहिरातीतील छायाचित्रावर तशी सूचनाही सक्तीची झाली. त्याच वर्षी एलव्हीएमएच आणि केरिंग या बड्या समूहांनी स्त्रियांसाठीचे 32 हे फ्रेंच माप वर्ज्य केले. पाश्चात्त्य समाजाला नावे ठेवणाऱ्यांनी त्याची ही आत्मशुद्धीही मोकळ्या मनाने मान्य करावी.

18.5 हा आकडा भारताला अपरिचित नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयोगटातील 18.7 टक्के भारतीय महिला या रेषेखाली आढळल्या. वनवासी पाड्यावर जी अवस्था कुपोषण ठरते, तीच झगमगाटात आली की सौंदर्य ठरते! एकीला अन्न मिळत नाही, दुसरीला खाऊ दिले जात नाही. दोघींच्या शरीराची हानी मात्र सारखीच.

भारतीय परंपरेने असा एकांगी आदर्श ठेवलेला नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूल आणि अतिकृश या दोन्ही देहांना निंद्य मानून प्रमाणबद्ध, बळकट शरीराची प्रशंसा केली आहे. परंतु ग्रंथांचा अभिमान पुरेसा नाही. विवाहाच्या जाहिरातीत ‘सडपातळ’ वधू मागणारी, घरातल्या मुलीला पाहुण्यांदेखत ‘जाडी’ म्हणणारी माणसे परदेशातून आलेली नाहीत. बाजाराने पेरलेले बी अशाच घरात रुजते.

म्हणून कायद्याइतकेच कुटुंब जागे हवे. मुलगी ताटावरून वारंवार अर्धपोटी उठत असेल, वजन झपाट्याने घटत असेल, पाळी थांबली असेल, तर तिला रागावू नये. विनाविलंब डॉक्टरांकडे आणि आवश्यक तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. शाखेत, मैदानावर, व्यायामशाळेत तिला बळाचा आनंद मिळू द्यावा. शरीर हे प्रदर्शनाची वस्तू नसून कर्तव्याचे साधन आहे, हे घराच्या वागण्यातून तिला कळले पाहिजे. सशक्त राष्ट्राची उभारणी अर्धपोटी कन्यांच्या बळावर होत नसते.