ग्रंथचकती आणि साठविलेल्या आज्ञा



रेडिओलहरींनी ग्रंथ ओळखणारी चकती सिंगापूरच्या बुकिट बाटोक ग्रंथालयात १९९८ सालीच आली. या चकतीत विद्युत्घट नसतो; वाचकयंत्राच्या १३.५६ मेगाहर्ट्झच्या लहरींतूनच तिला बळ मिळते.

एका ग्रंथासाठी यंत्राला चार-पाच आज्ञा द्याव्या लागतात: चकती शोधणे, तिचा कारखान्यात कोरलेला क्रमांक वाचणे, दाखलअंक लिहिणे, तो परत वाचून पडताळणे, दाराशी चोरी ओळखणारी खूण उभी करणे. हजारो ग्रंथांपुढे हे हाताने करणे कंटाळवाणे; आणि कंटाळ्यातूनच चुका होतात. ही मालिका यंत्राच्या स्मृतीत एकदा साठविली, की ग्रंथ ठेवताच ती ओळीने पार पडते. तिलाच मॅक्रो म्हणतात.

पण यंत्रावर चुकून दोन ग्रंथ राहिले, तर अंक भलत्याच ग्रंथावर चढू शकतो. म्हणून एकाहून अधिक चकत्या दिसताच थांबावे, ही अट मालिकेत आरंभीच हवी. लिहिलेला कप्पा कायमचा बंद करणारी आज्ञा मात्र मालिकेत घालूच नये. ती एकदा गेली, की तो मजकूर पुन्हा बदलता येत नाही. दाखलवहीशी ताळा घेऊन ग्रंथपालानेच ती द्यावी. कारण अंक चुकलेला दुर्मीळ ग्रंथ फडताळात असूनही वाचकाच्या लेखी हरवलेलाच असतो. (जीर्ण ग्रंथाच्या मूळ पानाला तर चकतीचा गोंद लागूच देऊ नये, ती वेष्टनावर चिकटवावी.)