दगडाचे गाव
(सुवर्णमहोत्सवानिमित्त पापनाशम येथे दिलेले व्याख्यान)



सभासदांनी हौसेने जमविलेल्या दगडांचे एक छोटेसे प्रदर्शन आज या सभागृहात मांडलेले आहे. त्यांपैकी जीवाश्म कोणते आणि साधे दगड कोणते, हे कसे ओळखावे, यावर मी चार शब्द बोलावेत अशी कार्यवाहांची आज्ञा झाली. जीवाश्म म्हणजे प्राचीन काळच्या प्राण्याचा अथवा वनस्पतीचा, खडकात टिकून राहिलेला अवशेष किंवा ठसा. तो ओळखताना आपण प्रथम आकाराकडे पाहतो. वस्तुतः प्रथम विचारावयाचा प्रश्न निराळाच आहे : हा दगड कोठला?

पापनाशमची भूमी कावेरीने आणून घातलेल्या गाळाची. येथे खणले असता माती आणि वाळू लागते, प्राचीन खडक लागत नाही. तेव्हा येथील एखाद्या घरी शंखाकृती दगड असेल, तर तो बहुधा दुसरीकडून आलेला असतो. कोळ्ळिडम ओलांडून उत्तरेस अरियलूर-पेरंबलूरकडे गेले की भूमीचे रूप पालटते. सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी त्या प्रदेशावर समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेल्या गाळाचे चुनखडक, वालुकाश्म आणि मातीचे थर बनले, आणि त्यांत शंखशिंपले, प्रवाळ व माशांचे दात अडकून राहिले.

हा खजिना प्रथम जगापुढे आणणारे गृहस्थ भूशास्त्राचे प्राध्यापक नव्हते, हे आपणां हौशी मंडळींना सुखावणारे आहे. मद्रास सनदी सेवेतील के यांनी आणि कनलिफ यांनी जमविलेले जीवाश्म लंडनला गेले व एडवर्ड फोर्ब्ज यांनी १८४६ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे ब्लॅनफर्ड यांनी या खडकांची पद्धतशीर पाहणी केली आणि स्टोलिझ्का यांनी येथील जीवाश्मांवर मोठे ग्रंथ सिद्ध केले. आपल्या नागपुरातही स्टीफन हिस्लॉप या धर्मोपदेशकाने असाच छंद जोपासला होता. मांगली येथे त्यांना सापडलेल्या प्राचीन उभयचराच्या कवटीस रिचर्ड ओवेन यांनी १८५५ साली शास्त्रीय नाव दिले. या मंडळींच्या नमुन्यांना मोल आले, कारण प्रत्येक नमुन्यासोबत त्याच्या ठिकाणाची नोंद होती.

आता ओळखीच्या खुणांकडे वळू. आपल्यापैकी अनेकांच्या देवघरात शाळिग्राम आहे. गंडकीच्या खोऱ्यातील या शिळेत दिसणारे चक्र हा अमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याच्या शंखाचा ठसा होय. अरियलूरच्या खडकांतही या कुळातील प्राणी विपुल आहेत. त्यांच्या वेटोळ्यावर ठरावीक अंतराने कंगोरे असतात आणि आत कप्पे असतात. नियमितपणा ही सजीवाची पहिली खूण. लाकडाच्या जीवाश्मात तंतूंची रचना दिसते, हाडात बारीक छिद्रांची जाळी दिसते.

याउलट, फसविणारे दगडही पुष्कळ. दगडाच्या भेगेत मँगेनीजची काळी नक्षी उमटते. ती हुबेहूब नेच्याच्या पानासारखी भासते, परंतु तिला मधला देठ नसतो आणि फाटे वाटेल तसे फुटलेले असतात. लिंबाच्या रसाने दगड फसफसला तर त्यात चुना आहे एवढेच कळते, तो जीवाश्म ठरत नाही. गोल दगड म्हणजे अंडे, हा तर नेहमीचा समज. २०२० साली पेरंबलूर जिल्ह्यातील कुन्नम येथे तळ्याचा गाळ उपसताना मोठे गोल दगड निघाले आणि डायनोसॉरची अंडी सापडल्याची आवई उठली. तज्ज्ञांनी पाहून सांगितले की समुद्री गाळात अमोनाइटांभोवती खनिजे साचून झालेले हे गोळे आहेत. अंडे म्हणावयाचे तर कवच दिसले पाहिजे, आणि त्या कवचाची सूक्ष्म रचना भिंगाखाली पटली पाहिजे. तथापि गावकऱ्यांची निराशा होण्याचे कारण नव्हते. त्यांच्या तळ्याच्या जागी एके काळी सागर होता, याचीच ती साक्ष होती.

ओळख किती अवघड असते, याचा एक दाखला देतो. अरियलूर जिल्ह्यातील कळ्ळमेडू येथे सापडलेल्या प्रचंड हाडांवरून १९८७ साली यादगिरी आणि अय्यासामी या भूशास्त्रज्ञांनी 'बृहत्कायोसॉरस' हा डायनोसॉर वर्णिला. त्याचे नडगीचे हाड सुमारे २ मीटर लांब होते. प्रथम तो मांसाहारी मानला गेला, पुढे महाकाय शाकाहारी ठरला. काहींना तर ती हाडे नसून अश्मीभूत लाकडेच असावीत असे वाटले. ही शंका निराधार म्हणता येत नाही. जवळच्या सात्तनूर येथे सुमारे १८ मीटर लांबीचा अश्मीभूत वृक्ष आहे. डॉ. एम. एस. कृष्णन यांनी तो १९४० साली नोंदविला होता. हाडे पुन्हा तपासून निवाडा करावा, तर ती ठिसूळ असल्याने चुरा होऊन नाहीशी झाली होती. २०२२ साली जुनी छायाचित्रे प्रसिद्ध झाली, तेव्हा ती हाडेच होती या मताला पुष्टी मिळाली. वस्तू गेली, पण नोंद राहिली, म्हणून चर्चेला आधार उरला.

म्हणून माझी विनंती एवढीच. दगड सापडला तर तो फोडू नये, घासूनपुसून चकचकीत करू नये. शेजारी नाणे किंवा पट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे. गाव, शेत वा ओढा, खडकाचा थर आणि तारीख कागदावर टिपावी, आणि तो कागद दगडापासून दूर करू नये. सात्तनूरसारख्या संरक्षित स्थळावरून तर खडाही उचलू नये. शंका असेल तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाकडे किंवा विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाकडे जावे. 'हा जीवाश्म नाही' असे उत्तर आले तरी ते ज्ञानच आहे.

अरियलूरचा चुनखडक सिमेंटसाठी रात्रंदिवस खणला जात आहे. जे थर आज दिसतात ते उद्या दिसतीलच असे नाही. आपले पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी या मुलखात आले. ते कोठून आले, त्यांनी काय केले, हे आपण सांगू शकतो, कारण सरस्वती महालात मोडीची कागदपत्रे जपून ठेवलेली आहेत. दगडाला मोडी लिहिता येत नाही. त्याचे गाव आपणच लिहून ठेवले पाहिजे. मंडळाने आजपासून अशी एक नोंदवही घालावी आणि येथे मांडलेल्या दगडांपासून तिचा आरंभ करावा, ही सूचना करतो.