सहलीचा हंगाम आणि घोडेवाल्याची चूल
(कोल्हापूर येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



उन्हाळ्याची सुटी जवळ आली की कोल्हापुरातील कितीतरी घरांत काश्मीरच्या सहलीचे बेत सुरू होतात. पतसंस्थेत साठवलेले पैसे काढले जातात, ट्रंकेतले स्वेटर उन्हात पडतात. या हौसेची थट्टा करण्याचे समाजवाद्यांना काहीच कारण नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने दर २० दिवसांच्या कामामागे १ दिवसाची भरपगारी रजा दिली, ती मालकांच्या औदार्यातून आलेली नव्हती. विश्रांती हा श्रमिकाचा हक्कच आहे. प्रश्न एवढाच की, हा हक्क ज्या भूमीवर जाऊन उपभोगला जातो, तेथील श्रमिकाच्या वाट्याला काय येते?

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळच्या बैसरनच्या कुरणात २६ माणसे गोळ्यांना बळी पडली. त्यांत ६ महाराष्ट्रातील होती. धर्म विचारून माणसे मारली गेली, असे वाचलेल्यांनी सांगितले. हे सांगताना कोणाही पुरोगाम्याची जीभ अडखळू नये. आणि २६ मृतांत सय्यद आदिल हुसेन शाह हा स्थानिक घोडेवाला होता, हेही त्याच श्वासात सांगितले पाहिजे. बैसरनला मोटार जात नाही. पायी चढावे लागते किंवा तट्टावर बसावे लागते. प्रवाशांना त्या चढणीवरून वर नेणे, हाच त्याचा चरितार्थ होता.

पुढच्या काही दिवसांत प्रवासी परतले. राज्य सरकारने विशेष विमानांची सोय केली, ती योग्यच होती. ७ मे रोजी भारताने पाकिस्तानातील आणि पाकव्याप्त काश्मिरातील दहशतवादी तळांवर हल्ले केले. सीमेवर तोफा धडाडू लागल्या. उत्तर व पश्चिम भारतातील ३२ विमानतळ नागरी वाहतुकीस बंद झाले. १० मे रोजी गोळीबार थांबवण्याचे ठरले. ज्यांची सहल मोडली त्यांचा हिरमोड खरा, परंतु त्यांना परतायला घर होते. पूंछमध्ये तोफगोळे पडले ते लोकांच्या राहत्या घरांवरच. तेथे माणसे मेली, लेकरे मेली.

तत्पूर्वीच, एप्रिलच्या अखेरीस, काश्मिरातील ८७ पर्यटनस्थळांपैकी ४८ बंद करण्यात आली होती. काही जूनमध्ये उघडली. पण हंगाम तोवर सरला होता. शिकारेवाला, टॅक्सीवाला, तट्टू बाळगणारा, यांना भरपगारी रजा कोणत्याही कायद्याने दिलेली नाही. तट्टाला मात्र रोज दाणावैरण घालावी लागते.

कोल्हापूरकरांना हे समजण्यासाठी झेलमच्या काठी जाण्याची गरज नाही. २०२१ च्या जुलैतील अतिवृष्टीत पन्हाळ्याचा रस्ता खचला आणि गडावर जाणारी वाहने थांबली. गडावर झुणका-भाकर आणि दही विकणाऱ्या बायांचा व्यवसाय त्या रस्त्यावरच चालतो. तेथे तर केवळ पाऊस पडला होता, कोणी गोळी झाडली नव्हती.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. गेली काही वर्षे पर्यटकांची संख्या हाच काश्मिरातील शांततेचा पुरावा म्हणून सरकार पुढे करीत आले. २०२४ साली दोन कोटींहून अधिक लोक जम्मू-काश्मीरला येऊन गेल्याचे सांगण्यात आले. त्यांत वैष्णोदेवीचे यात्रेकरूही मोजलेले होते, ही बाब बहुधा हळू आवाजात सांगितली जाई. वस्तुतः सहलीला गेलेला गृहस्थ विश्रांतीसाठी गेलेला असतो; सरकारी धोरणाचा साक्षीदार होण्याचे त्याने कबूल केलेले नसते. त्याला तसे उभे करायचे, आणि ज्या कुरणात तो जाणार तेथे पहारा ठेवायचा नाही, याचा जाब सरकारला विचारला गेलाच पाहिजे.

हत्याकांडाच्या दुसऱ्या दिवशी काश्मीर खोऱ्याने त्याच्या निषेधार्थ कडकडीत बंद पाळला. घाबरलेल्या प्रवाशांना स्थानिकांनी आसरा दिला, टॅक्सीवाल्यांनी भाडे घेतले नाही. आणि त्याच आठवड्यात देशाच्या काही शहरांत काश्मिरी विद्यार्थ्यांना खोल्या सोडून जाण्याच्या धमक्या मिळत होत्या. लग्नाला आठवडाही झाला नव्हता अशा एका नौदल अधिकाऱ्याची हत्या झाली. त्याच्या पत्नीने न्याय मागितला. पण मुसलमानांवर वा काश्मिरींवर सूड उगवू नका, असेही ती म्हणाली. त्याबद्दल तिच्यावर शिव्यांचा वर्षाव झाला. तो करणाऱ्यांत मराठी माणसे नसतीलच, अशी खात्री कोणी देऊ नये.

तेव्हा सहल रद्द झालेल्यांना त्यांचे पैसे परत मिळावेत, ही मागणी कार्यकर्त्यांनी जरूर करावी. ग्राहकाचा तो हक्कच आहे. पण त्याच निवेदनात आणखी दोन मागण्या असाव्यात. सरकारी आदेशाने पर्यटनस्थळ बंद झाले, तर ज्यांची रोजी बुडते त्या घोडेवाल्यांना व शिकारेवाल्यांना बंदच्या काळापुरता निर्वाहभत्ता मिळावा. आणि कोल्हापुरात शिकायला किंवा शाली विकायला येणाऱ्या काश्मिरी माणसाच्या संरक्षणाची हमी जिल्हा प्रशासनाने लेखी द्यावी.