वाऱ्याकडे परतणारी जहाजे



शतसांवत्सरिक उत्सवातील व्याख्यानासाठी साहित्य, संतवाङ्मय किंवा इतिहास यांपैकी एखादा विषय निवडण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. आजचा विषय त्या चाकोरीबाहेरचा आहे. मालवाहू जहाजे पुन्हा वाऱ्याच्या मदतीने चालविता येतील काय, हा तो विषय. मात्र ग्रंथालयाच्या शताब्दीशी त्याचा एक योगायोगाचा संबंध आहे. या संस्थेची पहिली कपाटे भरली जात होती त्याच सुमारास, १९२४ साली, जर्मनीतील कील येथे एक विलक्षण जहाज तयार होत होते. त्याच्या डोलकाठ्या आणि शिडे उतरविण्यात आली होती आणि त्यांच्या जागी गिरणीच्या धुराड्यांसारखे दोन उंच, गुळगुळीत स्तंभ उभे होते. या स्तंभांतून धूर मात्र निघत नव्हता. ते स्वतःभोवती फिरत होते आणि त्यांच्या फिरण्यामुळे वारा जहाजाला पुढे ढकलत होता. त्या जहाजाचे नाव होते ‘बुकाउ’. त्यामागील कल्पना शंभर वर्षांत दोनदा मागे पडली आणि आज तिसऱ्यांदा समुद्रावर आली आहे. ती मागे का पडली आणि या वेळी टिकेल काय, हे पाहण्यासारखे आहे.

कोकण-गोमंतकातील श्रोत्यांना वाऱ्याची थोरवी मुद्दाम सांगण्याचे कारण नाही. दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे आणि रात्री जमिनीकडून सुटणारे मतलई वारे यांच्या आधारावर येथील मचवे आणि पडाव पिढ्यान्‌पिढ्या चालले. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवावयाच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून पुन्हा पाण्यात लोटावयाच्या, हा क्रम वाऱ्यानेच ठरवून दिलेला होता. परंतु वाऱ्यावर सर्वस्वी विसंबण्याची चूक आपल्या दर्यावर्दींनी केली नाही. कान्होजी आंग्रे यांच्या आरमारात मोठी गुराबे शिडांवर चालत, तर लहान आणि चपळ गलबतांना शिडांबरोबर वल्हीही असत. वारा पडला की हीच गलबते गुराबांना दोर बांधून ओढीत नेत. वारा असेल तेव्हा वारा आणि नसेल तेव्हा दुसरे बळ, ही ती रीत होती. आजच्या नव्या जहाजांमागील विचारही याच जातीचा आहे. इंजिन काढून टाकावे असे कोणी म्हणत नाही. वारा अनुकूल असेल तेव्हा इंजिनावरील भार हलका करावा, एवढेच म्हणणे आहे.

शिडांचे युग संपले कसे, हेही थोडक्यात पाहावे लागेल. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा वाहतुकीस खुला झाला आणि अवघ्या पाच दिवसांनी स्कॉटलंडमधील डम्बार्टन येथे ‘कटी सार्क’ हे चहाच्या व्यापारासाठी बांधलेले वेगवान शिडाचे जहाज पाण्यात उतरले. दैवदुर्विलास असा की, ज्या व्यापारासाठी ते बांधले तो व्यापारच कालव्याने आगबोटींच्या हाती दिला. अरुंद कालव्यात आणि तांबड्या समुद्रातील लहरी वाऱ्यांत शिडाच्या जहाजांचा निभाव लागणे कठीण होते. ‘कटी सार्क’ला पुढे ऑस्ट्रेलियातील लोकरीची वाहतूक करावी लागली. तथापि शिडे एका रात्रीत नाहीशी झाली नाहीत. दूरच्या आणि घाई नसलेल्या मालासाठी ती बराच काळ टिकली. ऑस्ट्रेलियातील धान्य घेऊन केप हॉर्नला वळसा घालणारे ‘पामीर’ हे अखेरचे मालवाहू शिडाचे जहाज १९४९ साली त्या मार्गाने गेले.

शिडे मावळत असतानाच्या या संधिकाळात आंटोन फ्लेटनर या जर्मन अभियंत्याने वाऱ्याचा प्रश्न नव्याने हाती घेतला. फ्लेटनर हे पूर्वाश्रमीचे शाळामास्तर. प्रथम त्यांच्या मनात धातूची शिडे बसविण्याचा विचार होता. पुढे ग्योटिंगेन येथील वायुगतिशास्त्राच्या प्रयोगशाळेतील संशोधनाने त्यांना वेगळी दिशा दाखविली. या दिशेचा मूळ धागा त्याहून जुना होता. बर्लिनचे पदार्थवैज्ञानिक हाइनरिख गुस्टाव्ह माग्नुस यांनी तोफेचे गोळे सरळ न जाता बाजूला का सरकतात याचा अभ्यास करून १८५२ साली त्याची उपपत्ती मांडली होती. तिला आज माग्नुस परिणाम असे म्हणतात.

हा परिणाम समजून घेण्यास कोणत्याही प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. फिरकी गोलंदाजाने चेंडूला भरपूर गिरकी दिली की तो टप्पा पडण्यापूर्वी हवेतच एका बाजूस सरकतो, हे क्रिकेट पाहणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले असते. फिरणारी वस्तू आपल्या पृष्ठभागालगतची हवा स्वतःबरोबर ओढीत असते. ज्या बाजूस ही ओढ आणि वारा एकाच दिशेने जातात तेथे हवेचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. ज्या बाजूस त्यांचा विरोध होतो तेथे वेग मंदावतो आणि दाब वाढतो. परिणामी वस्तू जास्त दाबाकडून कमी दाबाकडे, म्हणजे वाऱ्याच्या दिशेशी काटकोन करून, ढकलली जाते. चेंडूच्या जागी जहाजावर उभा केलेला स्तंभ घ्या. वारा जहाजाच्या बाजूने येत असेल तर हा धक्का नेमका जहाजाच्या नाळेच्या दिशेने बसतो. वारा उजवीकडून येण्याऐवजी डावीकडून येऊ लागला तर स्तंभ उलट दिशेने फिरवावयाचा, की झाले. डोलकाठीवर चढणारे खलाशी नकोत, शिडे गुंडाळणे नको. वारा थेट समोरून आला तर मात्र या यंत्राचा उपयोग होत नाही. ही मर्यादा शिडांनाही होतीच.

‘बुकाउ’चे दोन्ही स्तंभ सुमारे १५ मीटर उंचीचे होते. ते फिरविण्यास लागणारी वीज जहाजावरच तयार होत असे आणि वाऱ्याकडून मिळणाऱ्या बळाच्या मानाने ती अल्प होती. फेब्रुवारी १९२५ मध्ये या जहाजाने डान्झिगहून निघून उत्तर समुद्र ओलांडला आणि स्कॉटलंड गाठले. वादळी हवेतही स्तंभांनी दगा दिला नाही. पुढील वर्षी ‘बाडेन-बाडेन’ असे नवे नाव धारण करून ते अटलांटिक पार करून न्यूयॉर्कला पोहोचले. त्याच वर्षी तीन स्तंभांचे ‘बार्बारा’ हे दुसरे जहाज बांधले गेले आणि त्याने काही वर्षे भूमध्य समुद्रात मालाची ने-आण केली.

यंत्र उत्तम चालले, तरी त्याला गिऱ्हाईक मिळाले नाही. तेल स्वस्त होते आणि डिझेल इंजिने वर्षागणिक सुधारत होती. वाचलेल्या इंधनाची किंमत एवढी थोडी होती की, नवे यंत्र बसविण्याचा खर्च करण्यास जहाजमालक तयार होईनात. मागोमाग जागतिक मंदी आली आणि फिरत्या स्तंभांची गोष्ट पुस्तकांपुरती उरली.

वाऱ्याची दुसरी आठवण १९७३ आणि १९७९ च्या तेलसंकटांनी करून दिली. जवळजवळ सर्व तेल बाहेरून आणणाऱ्या जपानने १९८० साली ‘शिन आयतोकु मारू’ हे तेलवाहू जहाज समुद्रात उतरविले. त्याची शिडे पोलादी चौकटीची असून ती संगणकाच्या साहाय्याने वळविली जात. त्याच्या पाठोपाठ आणखी काही जपानी जहाजांवर अशी शिडे चढली. फ्रान्समध्ये सागरसंशोधक जाक कूस्तो यांचे ‘आल्सिओन’ हे जहाज १९८५ साली वेगळ्या प्रकारच्या पोकळ, उभ्या पात्यांवर अटलांटिक पार करून गेले. तोच १९८६ साली तेलाचे भाव कोसळले आणि ही शिडेही मागे पडली. ‘वारा वाहील तशी पाठ द्यावी’ अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे जहाजांनी पाठ दिली ती तेलाच्या भावाला.

आता तिसरे पर्व सुरू आहे. २०१० साली ‘ई-शिप १’ हे जर्मन मालवाहू जहाज २७ मीटर उंचीचे चार फ्लेटनर स्तंभ घेऊन निघाले. २०१८ साली ‘मर्स्क पेलिकन’ या सुमारे १ लाख १० हजार टन वहनक्षमतेच्या तेलवाहू जहाजावर फिनलंडमधील कंपनीने ३० मीटर उंच आणि ५ मीटर व्यासाचे दोन स्तंभ बसविले. दहा मजली इमारतीएवढी ही उंची झाली. एका वर्षाच्या त्रयस्थ तपासणीत इंधनाची बचत ८.२ टक्के आढळली. स्तंभांखेरीज कठीण शिडांचाही मार्ग चोखाळला गेला. जपानच्या ‘शोफू मारू’ या कोळसावाहू जहाजावर २०२२ साली आवश्यकतेप्रमाणे उंच-ठेंगणे होणारे शीड चढले. २०२३ साली ‘पिक्सिस ओशन’ या जहाजावर ३७.५ मीटर उंचीचे, विमानाच्या पंखासारखे दोन पंख उभारले गेले. पहिल्या सहा महिन्यांत त्यांनी दिवसाला सरासरी ३ टन इंधन वाचविले आणि अनुकूल वाऱ्यात हा आकडा ११ टनांपर्यंत गेला.

हे आकडे पाहून कोणी म्हणेल, आठ टक्क्यांसाठी एवढा खटाटोप कशाला? त्याचे उत्तर जहाजवाहतुकीच्या अवाढव्य पसाऱ्यात आहे. जगातील व्यापारी मालापैकी सुमारे ८० टक्के माल समुद्रमार्गे जातो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या अभ्यासानुसार २०१८ साली मानवनिर्मित हरितगृह वायूंपैकी सुमारे २.९ टक्के वायू जहाजांनी सोडले. २०५० च्या सुमारास हे प्रमाण निव्वळ शून्यावर आणण्याचे ध्येय संघटनेने २०२३ साली स्वीकारले आहे. अमोनिया, मिथेनॉल यांसारखी नवी इंधने त्यासाठी सुचविली जातात. परंतु ती स्वच्छ रीतीने तयार करावी लागतील, साठवावी लागतील आणि बंदरोबंदरी पोहोचवावी लागतील. वारा तयार करावा लागत नाही, साठवावा लागत नाही आणि त्यासाठी कोणत्याही बंदरात रांग लावावी लागत नाही.

अडचणी अर्थातच आहेत. कंटेनरवाहू जहाजांच्या डेकवर स्तंभांना जागाच उरत नाही. मुरगाव बंदरात खनिज भरणारी जहाजे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना दुसरी अडचण सहज उमगेल. माल चढविताना आणि उतरविताना यंत्रांचे हात डेकवर फिरत असतात आणि मध्ये उभा स्तंभ आडवा येतो. यावर तोड म्हणून २०२१ साली ‘सी झौशान’ या ३ लाखांहून अधिक टन क्षमतेच्या खनिजवाहू जहाजावर पाच स्तंभ आडवे पाडता येतील असे बसविले गेले. शिवाय सर्वच सागरी मार्गांवर वारा सारखा नसतो. उत्तर अटलांटिक आणि उत्तर पॅसिफिक महासागरांत तो उदार असतो, तर विषुववृत्तालगतच्या निर्वात पट्ट्यात कृपण. जहाज फार वेगाने हाकले तर बाजूचा वाराही समोरून आल्यासारखा भासतो आणि त्याचा उपयोग घटतो. म्हणजे वाऱ्याचे साहाय्य हवे असेल तर थोडी घाईही सोडावी लागते.

सर्वांत अवघड गाठ मात्र करारपत्रात आहे. अनेक जहाजे ठराविक मुदतीच्या भाडेकरारावर चालतात आणि अशा करारात इंधनाचा खर्च जहाज भाड्याने घेणारा सोसतो. स्तंभ बसविण्याचा खर्च मात्र मालकाच्या शिरावर पडतो. ज्याने पैसा ओतावयाचा त्याला बचत मिळत नाही आणि ज्याला बचत मिळते त्याला पुढच्या वर्षी त्या जहाजाशी कर्तव्य नसते. १९२६ साली आणि १९८६ साली वारा हरला तो अशाच हिशोबाच्या वहीत. तेलाचा भाव तेवढा त्या वहीत मांडला जाई. धुरामुळे होणाऱ्या हानीसाठी तीत रकानाच नव्हता. तेल स्वस्त झाले की वारा आपोआप महाग ठरे, वस्तुतः वाऱ्याला एक पैसाही पडत नसताना.

तो रकाना आता हळूहळू आखला जात आहे. युरोपीय संघाने जानेवारी २०२४ पासून आपल्या बंदरांत ये-जा करणाऱ्या मोठ्या जहाजांच्या कार्बन उत्सर्जनावर मोल बसविले. २०२५ पासून लागू झालेल्या तेथील इंधनविषयक नियमांत वाऱ्याच्या साहाय्याला सवलतही मिळते. सर्व जगासाठी असा नियम करण्याच्या प्रस्तावाला आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेत एप्रिल २०२५ मध्ये प्राथमिक मान्यता मिळाली. परंतु ऑक्टोबर २०२५ मध्ये अंतिम निर्णय वर्षभरासाठी पुढे ढकलण्यात आला. समुद्रावरचे हे तिसरे पर्व पहिल्या दोहोंप्रमाणे विरून जाईल की स्थिरावेल, हे अशा निर्णयांवर बरेचसे अवलंबून आहे. यंत्राची परीक्षा कधीच झाली. आता हिशोब मांडणाऱ्यांची परीक्षा आहे. गोमंतकासारख्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना तिच्या निकालाविषयी उदासीन राहता येणार नाही, कारण तापणाऱ्या आणि चढणाऱ्या समुद्राचे पाणी प्रथम किनाऱ्यावरच्याच उंबऱ्याशी येते.

या सर्व कथेत ग्रंथालयाच्या सभासदांना विशेष जवळची वाटावी अशी एक गोष्ट आहे. माग्नुस यांनी तोफगोळ्यांविषयी जे लिहिले त्याचा जहाजासाठी उपयोग होण्यास ७२ वर्षे लागली. फ्लेटनर यांनी १९२६ साली आपल्या प्रयोगांची हकीकत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी तिचा इंग्रजी अनुवादही निघाला. जहाज मोडीत निघाले की त्याचे पोलाद वितळविले जाते आणि ‘बुकाउ’चा आज मागमूसही उरलेला नाही. त्याची आकडेमोड मात्र कुठे कुठे कपाटांत शाबूत राहिली, म्हणून नव्या पिढीच्या अभियंत्यांना पहिल्यापासून आरंभ करावा लागला नाही. ज्या पुस्तकाला वर्षानुवर्षे वाचक मिळत नाही त्याची धूळ झटकून ते पुन्हा जागेवर ठेवणारा ग्रंथपाल नेमके कोणते काम करीत असतो, हे त्या वेळी त्यालाही ठाऊक नसते. या संस्थेने शंभर वर्षे हेच काम निष्ठेने केले आहे. पुढील शतकातही ते अखंड चालो, हीच शुभेच्छा.