रक्तगट, सोयरीक आणि बाळंतपण

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि बँकेत कारकून म्हणून नोकरी करतो. मग रक्तगटावर बोलण्याचा अधिकार याला कोणी दिला, असे आपल्यापैकी कोणी विचारील. तो अधिकार मला माझ्या थोरल्या बहिणीच्या दुःखाने दिला आहे.

ताईचे लग्न १९९२ साली झाले. १९९३ साली पहिला मुलगा सुखरूप झाला. १९९६ साली दुसरे बाळ आले. पहिल्याच दिवशी त्याचे अंग हळदीसारखे पिवळे पडले आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. १९९८ साली तिसरे बाळ पोटातच दगावले. सासरची माणसे म्हणू लागली, ‘हिच्या रक्तातच दोष आहे.’ शेजारची एक बाई म्हणाली, ‘पत्रिका न बघता लग्ने करता, एकनाड असेल.’ ताई खाली मान घालून सारे ऐकत राहिली. मी तेव्हा शाळेत होतो.

पुढे नोकरीला लागल्यावर २००७ साली आमच्या शाखेत रक्तदान शिबिर झाले. माझ्या कार्डावर ‘ओ निगेटिव्ह’ असे आले. तिथल्या डॉक्टरांनी सहज विचारले, ‘घरात बहिणी आहेत का? त्यांचा रक्तगट पाहिला आहे का?’ आम्ही ताईचा पाहिला. तीही निगेटिव्ह निघाली, भाऊजी पॉझिटिव्ह. तीन बाळंतपणांत हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते आणि आम्हीही कधी विचारले नव्हते. त्या दिवसापासून मी हा विषय समजून घेऊ लागलो.

बंधू-भगिनींनो, रक्ताचे ए, बी आणि ओ हे गट कार्ल लँडस्टायनर या शास्त्रज्ञाने शोधले. १९३० साली त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. पण एक कोडे शिल्लक होते. १९३९ साली अमेरिकेत लेविन आणि स्टेट्सन या दोन डॉक्टरांनी एका बाईची हकीकत प्रसिद्ध केली. तिचे मूल मृत जन्मले होते. तिला नवऱ्याचे रक्त दिले, गट जुळत होता, तरीही तिला भयंकर त्रास झाला. याचा अर्थ, नवऱ्याच्या रक्तातील असे काहीतरी बाळाकडे आले होते, जे आईच्या रक्ताला परके होते. पुढच्याच वर्षी लँडस्टायनर आणि वीनर यांनी ऱ्हीसस माकडांवरील प्रयोगांतून जो घटक दाखवला, त्यावरून ‘आरएच’ हे नाव आले. तो घटक तांबड्या पेशींवर असला तर पॉझिटिव्ह, नसला तर निगेटिव्ह. आपल्या देशात निगेटिव्ह माणसे शंभरात सुमारे पाच आहेत.

आता अडचण कोठे येते ते पाहू. आई पॉझिटिव्ह असेल तर आरएचचा हा प्रश्न नाही. दोघेही निगेटिव्ह असले तरी नाही, कारण बाळ निगेटिव्हच होणार. आई निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह, एवढ्या एकाच जोडीत काळजी घ्यावी लागते. तिथेही प्रत्येक बाळ पॉझिटिव्ह होईलच असे नाही. आमचे आई-वडील दोघेही पॉझिटिव्ह होते, तरी आम्ही दोघे भावंडे निगेटिव्ह झालो. दोघांच्याही ठिकाणी निगेटिव्हचा गुण दडलेला असला म्हणजे असे होते.

बाळंतपणात वार सुटते, त्या वेळी बाळाच्या रक्ताचे काही थेंब आईच्या रक्तात जातात. आईचे शरीर त्यांना परके समजते आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. तोवर पहिले बाळ जन्मून गेलेले असते, म्हणून ते बहुधा वाचते. पण शरीराच्या खतावणीत नोंद झालेली असते. आम्हा बँकवाल्यांना ठाऊक आहे, एकदा शाईने झालेली नोंद खोडता येत नाही. पुढचे बाळ पॉझिटिव्ह असेल तर ती प्रतिपिंडे वारेतून पलीकडे जाऊन त्याच्या तांबड्या पेशी फोडतात. बाळाच्या अंगातले रक्त कमी होते, जन्मल्यावर जबर कावीळ होते, कधी ते पोटातच जाते. ताईच्या बाबतीत हेच झाले. दोष तिच्या नशिबाचा नव्हता आणि रक्ताचाही नव्हता.

या नोंदीला आधीच अटकाव करणारे ‘अँटी-डी’ नावाचे इंजेक्शन आहे. ते इंग्लंड आणि अमेरिकेतील डॉक्टरांनी शोधले आणि १९६८ सालापासून ते वापरात आले. बाळाच्या ज्या पेशी आईच्या रक्तात शिरल्या, त्यांचा निकाल हे औषध आईच्या शरीराला कळण्याआधीच लावते. ते दात्यांच्या रक्तद्रवापासून बनते. ऑस्ट्रेलियातील जेम्स हॅरिसन या गृहस्थाने १९५४ ते २०१८ या काळात १,१७३ वेळा दान केले. चोवीस लाख बाळांना त्याचा उपयोग झाला असे तिथले रेडक्रॉस सांगते. २०२५ साली तो वारला. ज्या आयांसाठी त्याने हात पुढे केला, त्यांची जात, धर्म, देश त्याने विचारला नाही.

माता-भगिनींनो, एवढे मात्र ध्यानात ठेवा. दिवस गेले की पहिल्याच तपासणीत रक्तगट विचारा. तो निगेटिव्ह असेल तर नवऱ्याचाही तपासा आणि डॉक्टरांना ‘कूम्ब्स’ तपासणीबद्दल विचारा. प्रतिपिंडे तयार झाली आहेत की नाही, हे तिच्यावरून कळते. झाली नसतील तर अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास एक इंजेक्शन देतात. बाळ पॉझिटिव्ह जन्मले तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत दुसरे. उशीर झालाच तर आता काय उपयोग म्हणून घरी बसू नका, लगेच डॉक्टरांना गाठा. गर्भपात झाला, पिशवी साफ केली, गर्भ नळीत राहिला, पोटावर मार बसला किंवा मध्येच रक्तस्राव झाला, तरीही इंजेक्शनची गरज आहे का हे विचारलेच पाहिजे. गर्भपाताची गोष्ट घरात लपवली जाते आणि इंजेक्शन राहून जाते. त्याची किंमत पुढचे बाळ मोजते.

प्रतिपिंडे एकदा तयार झाली की या इंजेक्शनचा उपयोग नाही. तरीही निराश होण्याचे कारण नाही. मोठ्या रुग्णालयात अशा बाळावर सोनोग्राफीने लक्ष ठेवता येते, गरज पडल्यास पोटातच त्याला रक्त देता येते, जन्मल्यावर रक्त बदलता येते.

आई ओ गटाची आणि बाळ ए किंवा बी गटाचे असेल तर पहिल्या बाळालाही कावीळ होऊ शकते. ती बहुधा सौम्य असते आणि प्रकाशाच्या उपचाराने उतरते. मात्र डॉक्टरांना दाखवले पाहिजे.

आता सोयरिकीबद्दल. ‘मुलामुलीचा रक्तगट एकच आहे, म्हणून स्थळ नको,’ असे सुशिक्षित घरांतही ऐकू येते. याला काहीही आधार नाही. गट एक असल्याने मूल होण्यात अडचण येत नाही, मुलात व्यंगही येत नाही. काहीजण तर ‘एकनाड म्हणजेच एक रक्तगट’ असे शास्त्राच्या नावाने सांगतात. नाड्या तीन आणि त्या जन्मनक्षत्रावरून ठरतात. रक्तगट आठ आणि ते आई-वडिलांकडून येतात. एकाच दुपारी एकाच रुग्णालयात जन्मलेल्या दहा बाळांची नाडी बहुतेक एकच निघेल, रक्तगट मात्र वेगवेगळे निघतील. मग दोन्ही एकच कसे? तसेच मुलगी निगेटिव्ह आहे म्हणून नाकारू नका. शंभरात पंचाण्णव मुलगे पॉझिटिव्ह आहेत, मग त्या मुलीने लग्न करायचे कोणाशी? तिला नकार देण्याची गरज नाही, फक्त इंजेक्शनची आठवण ठेवायची.

लग्नाआधी रक्ताची एक तपासणी मात्र खरोखरच करावी, ती सिकलसेलची. विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत त्याचे प्रमाण लक्षणीय आहे. वाहक माणूस निरोगी दिसतो. पण दोघेही वाहक असले तर प्रत्येक खेपेस चारात एक शक्यता मुलाला आजार होण्याची असते. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले आहे. विद्यार्थी मित्रांनो, तपासणीला लाजू नका.

शेवटी मंडळाला एक विनंती. आपल्याकडे वर्गणीची नोंदवही आहे, तशी सभासद कुटुंबांच्या रक्तगटांची एक नोंदवही ठेवावी. ज्या घरात निगेटिव्ह सून किंवा लेक आहे, तिथे दिवस गेल्याचे कळताच आपल्या कार्यकर्त्या भगिनीने जाऊन आठवण द्यावी. इंजेक्शनचा खर्च झेपत नसेल तर मंडळाने हातभार लावावा. पहिली वर्गणी माझी.

ताईची नात गेल्या वर्षी जन्मली. सुनेचा रक्तगट निगेटिव्ह आहे. अठ्ठाविसाव्या आठवड्यात ताई स्वतः तिला घेऊन दवाखान्यात गेली आणि बाळंतपणानंतर दुसऱ्याच दिवशी परिचारिकेला विचारून दुसरे इंजेक्शनही तिने देवविले. ताई सातवी शिकलेली आहे. जे तिला जमले ते आपल्यापैकी कोणालाही जमेल.